काउंटीत उपविजेता, प्रांतात विजेता : मन्स्टरच्या हर्लिंग क्लब स्पर्धेचे आगळे गणित

आयर्लंडच्या टिपररी काउंटीतील थर्ल्स या गावी, सेंपल स्टेडियमवर १ डिसेंबर २०२४ रोजी मन्स्टर प्रांताच्या वरिष्ठ हर्लिंग क्लब स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्यात कॉर्क काउंटीच्या सार्सफील्ड्स क्लबने वॉटरफर्डच्या बॅलिगनर क्लबला नमवले. बॅलिगनरने त्याआधीची सलग तीन वर्षे हा करंडक आपल्याकडे राखला होता. सार्सफील्ड्सचे मात्र हे पहिलेच प्रांतीय जेतेपद होते, आणि कॉर्कच्या एखाद्या क्लबला हा मान २००९ नंतर प्रथमच मिळत होता. एवढ्यावर ही बातमी संपली असती. तिचे खरे वैशिष्ट्य असे, की प्रांताचा विजेता ठरलेला हा संघ काही आठवड्यांपूर्वी स्वतःच्या काउंटीच्या अंतिम सामन्यात पराभूत झाला होता. त्याला हरवणारा इमोकिली हा संघ कॉर्कचा विजेता होता. पण प्रांताच्या स्पर्धेत उतरण्याचा अधिकार त्याला नव्हता.

विजेता घरी बसतो आणि उपविजेता पुढे जातो, हे बाहेरच्या वाचकाला अन्यायाचे वाटेल. आयर्लंडमध्ये त्याबद्दल कोणाला फारसे नवल वाटत नाही. कारण या स्पर्धेच्या नावातला ‘क्लब’ हा शब्द तेथे अतिशय काटेकोर अर्थाने घेतला जातो. तो अर्थ समजला, की ही स्पर्धा समजते.

प्रथम खेळाविषयी. हर्लिंग दुरून हॉकीसारखा दिसतो, परंतु हॉकीची शिस्त त्याला मानवत नाही. प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. त्यांच्या हाती रुंद, चपट्या पात्याची काठी असते. तिला इंग्रजीत हर्ली आणि आयरिश भाषेत कमॉन म्हणतात. ॲश वृक्षाच्या बुंध्याचा मुळांकडे वळलेला भाग कापून ती घडवतात, म्हणजे लाकडाच्या रेषा पात्याच्या वळणाबरोबर वळतात आणि काठी सहजी तुटत नाही. चामड्याने मढवलेल्या लहान चेंडूला स्लिटर असे नाव आहे. हा चेंडू जमिनीवरून मारता येतो, हवेतल्या हवेत टोलावता येतो, हाताने झेलताही येतो. जमिनीवर पडलेला चेंडू मात्र थेट हाताने उचलता येत नाही. तो काठीच्या पात्याने वर घ्यावा लागतो. हातात धरून चार पावलांहून अधिक धावता येत नाही. त्यापुढे धावायचे तर तो काठीच्या पात्यावर तोलून धरायचा. भर वेगात, अंगावर प्रतिस्पर्धी धावून येत असताना, पात्यावर चेंडू तोलत धावणारा खेळाडू पाहिला की या खेळाला जगातील सर्वांत वेगवान मैदानी खेळांत का गणतात हे कळते. शिरस्त्राण २०१० पासून सर्वांनाच सक्तीचे आहे, हे ऐकून नवल वाटते ते इतकेच, की त्याआधी ते सक्तीचे नव्हते. युनेस्कोने २०१८ मध्ये या खेळाचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

गुणांची नोंद नवख्याला चकवते. मैदानाच्या दोन्ही टोकांना इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराचे खांब असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, त्याचे मोल तीन गुणांचे. दांडीवरून खांबांमधून गेला तर एक गुण. धावफलकावर मात्र त्यांची बेरीज होत नाही, गोल आणि गुण वेगवेगळे मांडले जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर अखिल आयर्लंड क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बॅलिगनरने किलकेनीच्या बॅलीहेल शॅमरॉक्सला २-१७ विरुद्ध १-१९ असे हरवले. म्हणजे २३ विरुद्ध २२. एका गुणाचा फरक. सामन्याची नियमित वेळ संपली तेव्हा बॅलिगनर पिछाडीवर होते. भरपाईच्या वेळेत दोन गुणांनी मागे असताना हॅरी रडल या बदली खेळाडूने चेंडू जाळ्यात धाडला आणि वॉटरफर्डच्या क्लबला राष्ट्रीय करंडक पहिल्यांदा मिळाला. तीन गुणांचा गोल हा या खेळाचा जीव आहे. दोन गुणांची आघाडी घेऊन निश्चिंत उभा राहिलेला संघ हर्लिंगमध्ये सहसा दिसत नाही.

आता रचनेकडे वळू. आयर्लंड बेटाच्या ३२ काउंटी चार परंपरागत प्रांतांत विभागलेल्या आहेत : मन्स्टर, लिन्स्टर, कॉनॅक्ट आणि अल्स्टर. दक्षिणेच्या मन्स्टरमध्ये कॉर्क, टिपररी, लिमरिक, क्लेअर, वॉटरफर्ड आणि केरी अशा सहा काउंटी येतात. प्रत्येक काउंटी आपल्या क्लबांची स्पर्धा भरवते. तिच्यातून निघालेला क्लब प्रांताच्या स्पर्धेत जातो, आणि प्रांताचा विजेता अखिल आयर्लंड स्पर्धेच्या उपांत्य फेरीत. केरी ही मुख्यतः गेलिक फुटबॉलची भूमी असल्याने तिचा हर्लिंग विजेता मध्यम श्रेणीच्या प्रांतीय स्पर्धेत खेळतो. म्हणून वरिष्ठ स्पर्धेत पाचच क्लब उरतात. पाच क्लब, सारे सामने बाद पद्धतीचे, एकदा हरला की वर्ष संपले. कॉनॅक्टमध्ये गॅलवे या एकाच काउंटीत हर्लिंग खऱ्या अर्थाने बलवान आहे, त्यामुळे तिचा विजेता थेट राष्ट्रीय उपांत्य फेरी गाठतो. मन्स्टरमध्ये अशी सवलत कोणालाही नाही. पाचही काउंटींना आपण या खेळाचे खरे वारस आहोत असे वाटते.

वारशाचा हा दावा समजून घ्यायचा तर १९व्या शतकात जावे लागते. मायकेल क्युसॅक, मॉरिस डॅव्हिन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्समधील हेज यांच्या हॉटेलात गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. ब्रिटिश राजवटीखालील आयर्लंडमध्ये देशी खेळ लोप पावत आहेत आणि त्यांची जागा राज्यकर्त्यांचे खेळ घेत आहेत, ही त्यांची चिंता होती. ती पुढे इतकी टोकाला गेली, की क्रिकेट, रग्बी, हॉकी, फुटबॉल असे ‘परके’ खेळ खेळणाऱ्या सभासदावर संघटनेने बंदी घातली आणि ती थेट १९७१ पर्यंत टिकली. क्रिकेट राज्यकर्त्यांकडून घेऊन आपलेसे केलेल्या भारतीय वाचकाला ही वाट अगदीच वेगळी वाटेल.

अखिल आयर्लंड हर्लिंग स्पर्धा १८८७ मध्ये सुरू झाली तेव्हा काउंटीचे प्रतिनिधित्व क्लबच करीत असत, हे आज अनेकांच्या ध्यानात नसते. पहिले राष्ट्रीय जेतेपद टिपररीच्या नावावर नोंदले आहे. प्रत्यक्षात मैदानात उतरला होता तो थर्ल्सचा क्लब, आणि त्याच्यासमोर होता गॅलवेचा मीलिक. पुढे काउंटीचा विजेता क्लब इतर क्लबांतील चांगले खेळाडू आपल्यात घेऊ लागला आणि हळूहळू काउंटीचा निवडक संघ हेच सर्वोच्च रूप ठरले. हजारोंची गर्दी, वर्तमानपत्रांचे मथळे, सारे काउंटीकडे गेले. क्लबची झेप काउंटीच्या सीमेपाशी थांबली.

ती सीमा पुन्हा ओलांडली गेली १९६४ च्या हंगामात, मन्स्टरची क्लब स्पर्धा सुरू झाली तेव्हा. पहिला विजेता होता कॉर्क शहराचा ग्लेन रोव्हर्स. राष्ट्रीय क्लब स्पर्धा त्यानंतर काही वर्षांनी, १९७०-७१ च्या हंगामात आली आणि तीही पहिल्यांदा मन्स्टरच्याच क्लबने, टिपररीच्या रॉसक्रेने जिंकली. १९७० च्या दशकात कॉर्कच्या ब्लॅकरॉकने पाच वेळा प्रांत जिंकला. १९९५ ते २००० या सहाही वर्षी करंडक क्लेअरमध्ये राहिला, आणि तो चार निरनिराळ्या क्लबांनी तेथे नेला. काउंटी म्हणून क्लेअरने १९१४ नंतर थेट १९९५ मध्ये राष्ट्रीय जेतेपद मिळवले होते. तो काळ एका पिढीचा चमत्कार नव्हता, गावोगावच्या क्लबांत खोलवर तयारी झाली होती, याचा पुरावा या सहा वर्षांच्या यादीत सापडतो. काउंटीचा संघ जिंकतो तेव्हा तीस-पस्तीस खेळाडू दिसतात. क्लब स्पर्धेत मुळे दिसतात.

मग क्लब म्हणजे नेमके काय? बहुतेक ठिकाणी तो कॅथलिक चर्चच्या पॅरिशशी, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गावे, वाड्या आणि वस्त्यांशी जोडलेला असतो. खेळाडू जिथे जन्मला, वाढला किंवा राहतो, तिथला त्याचा क्लब. क्लब बदलण्याची मुभा नियमांत आहे, पण तिला सहसा वास्तव्याची अट असते. खरेदी-विक्री नाही, करार नाहीत, मानधन नाही. सारे खेळाडू हौशी. राष्ट्रीय पातळीवर नाव कमावलेला खेळाडू सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला, गोठ्यात किंवा कार्यालयात कामावर हजर असतो. बॅलिगनरचा आघाडीवीर डेसी हचिन्सन इंग्लंडच्या ब्रायटन फुटबॉल क्लबमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून घडत होता. तो परतला आणि कोणत्याही वेतनाविना पुन्हा आपल्या गावच्या संघातून खेळू लागला. क्लबच्या नावांतही इतिहास मुरलेला आहे. सार्सफील्ड्स हे नाव १७व्या शतकातील सेनानी पॅट्रिक सार्सफील्ड यांचे, तर लिमरिकच्या ना पिअर्सिग क्लबचे नाव १९१६ च्या ईस्टर उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स यांच्यावरून आलेले.

इमोकिलीचे कोडे येथे सुटते. इमोकिली हा क्लब नाही. पूर्व कॉर्कमधील जे छोटे क्लब खालच्या श्रेणीत खेळतात, त्यांच्यातील निवडक खेळाडूंचा तो विभागीय संघ आहे. छोट्या गावातील गुणी मुलाला वरिष्ठ पातळीवर खेळण्याची संधी मिळावी म्हणून कॉर्कने ही सोय केली. हेतू उदार, परिणाम गुंतागुंतीचा. इमोकिलीने २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षे काउंटी जिंकली आणि २०२४ मध्ये पुन्हा जिंकली. प्रांताच्या दारात मात्र नियम स्पष्ट आहे : ही स्पर्धा क्लबांची आहे. अनेक गावांतून निवडून काढलेल्या संघाला एका गावाच्या संघासमोर उभे करता येणार नाही. म्हणून जागा पुढच्या क्लबला जाते. सार्सफील्ड्सला ती मिळाली आणि त्यांनी तिचे सोने केले. त्यांच्या जेतेपदाला ‘मागच्या दाराने आलेले’ म्हणणे योग्य ठरणार नाही. प्रांतात जे जे समोर आले त्यांना त्यांनी मैदानातच हरवले.

अर्थात गाव आणि क्लब यांचे नाते नेहमीच एवढे सोवळे राहिले, असेही नाही. कॉर्कचा सर्वश्रेष्ठ मानला जाणारा हर्लिंगपटू क्रिस्टी रिंग हा मूळचा क्लॉइनचा, म्हणजे याच पूर्व कॉर्क भागातला. तो १९४०च्या दशकाच्या प्रारंभी शहरातील ग्लेन रोव्हर्सकडे गेला आणि त्या क्लबचे सुवर्णयुग त्याच्याशी जोडले गेले. जन्मगावच्या क्लबने काय गमावले याचा हिशेब नोंदवह्यांत सापडत नाही.

क्लबची प्रतिष्ठा किती, हे कॉर्कच्या एका जुन्या प्रथेवरून दिसते. काउंटी जिंकणारा क्लब पुढच्या वर्षी काउंटीच्या संघाचा कर्णधार सुचवीत असे. न्यूटाउनशँड्रम हे लिमरिकच्या सीमेलगतचे उत्तर कॉर्कमधील छोटेसे गाव. तेथील क्लबने २००३ मध्ये काउंटी आणि प्रांत दोन्ही जिंकले, २००४ मध्ये राष्ट्रीय क्लब करंडक मिळवला, आणि त्याच वर्षी गावच्या बेन ओ’कॉनरने कॉर्कचा कर्णधार म्हणून अखिल आयर्लंड करंडकही उंचावला. बेन आणि जेरी हे जुळे भाऊ, आणि क्लबचे प्रशिक्षक त्यांचे वडील. चेंडू दूर टोलावून देण्याच्या कॉर्कच्या जुन्या रीतीऐवजी तो हाती राखून, धावत, छोट्या पासांनी पुढे नेण्याची त्यांची पद्धत काउंटीच्या संघातही रुजली. एका गावाने सबंध काउंटीला खेळण्याची रीत शिकवावी, याहून मोठी कामगिरी एखाद्या क्लबकडून अपेक्षिता येत नाही.

आजचा प्रश्न असा, की अशी गावे पुढे या स्पर्धेच्या अंतिम फेरीत दिसतील काय. गेल्या दीड दशकातील विजेत्यांची यादी पाहिली तर तीत शहरांच्या कडेला वाढलेल्या उपनगरांचे पारडे जड झालेले आढळते. लिमरिक शहराच्या कडेच्या ना पिअर्सिगने २०११, २०१३, २०१५ आणि २०१७ असे चार प्रांतीय करंडक जिंकले आणि २०१६ मध्ये लिमरिकला पहिले राष्ट्रीय क्लब जेतेपद मिळवून दिले. बॅलिगनर वॉटरफर्ड शहराच्या वेशीवर आहे. २०१४ पासून सलग दहा वर्षे, आणि त्यानंतरही, काउंटीचे जेतेपद त्यांच्याकडेच राहिले. २०१८ चा प्रांतीय करंडक आणि नंतर २०२१, २०२२, २०२३ ची सलग तीन जेतेपदे, अशी त्यांची चढण. सलग तीनचा मान त्यापूर्वी मन्स्टरमध्ये कोणालाही मिळाला नव्हता. सार्सफील्ड्सचे माहेरघर ग्लॅनमायर-रिव्हर्सटाउन हेही कॉर्क शहराच्या विस्तारातच येते. नव्या वसाहती, भरलेल्या शाळा, बालसंघांतील भरपूर मुले : या गोष्टी कोणी विकत घेतलेल्या नाहीत, घरे आणि नोकऱ्या जिकडे गेल्या तिकडे त्या आपोआप गेल्या.

खेड्यांत याच्या उलट घडते. तरुण डब्लिनला, ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला जातात. शाळेत मुले उरतात मोजकी. एका वयोगटाचे १५ खेळाडू जमेनासे होतात आणि शेजारच्या पॅरिशबरोबर संयुक्त बालसंघ उभारावा लागतो. ज्यांच्याशी आजोबा आणि वडील आयुष्यभर भांडले, त्यांच्याच रंगाची जर्सी नातवाला घालावी लागते. खेळाडूंच्या स्थलांतरावर निर्बंध असलेला, पैशाला प्रवेश नाकारणारा नियम या बाबतीत दुधारी ठरतो. तो श्रीमंत क्लबला खेळाडू विकत घेऊ देत नाही. पण रिकाम्या होत चाललेल्या गावालाही ते बाहेरून आणू देत नाही. समान नियम आणि असमान लोकसंख्या यांची ही गाठ असोसिएशनला अद्याप सोडवता आलेली नाही. विभागीय संघ हा तिच्यावरचा एक उपाय, आणि त्याची मर्यादा आपण पाहिलीच.

तरीही यादी अगदी एकतर्फी नाही, हेही सांगितले पाहिजे. मध्य टिपररीतील लॉकमोर-कॅसलायनी ही एक छोटी पॅरिश. तिने २००७ मध्ये मन्स्टरची हर्लिंग स्पर्धा जिंकली. त्याहून थक्क करणारे असे, की २०१३ आणि २०२१ या दोन्ही वर्षी तिने टिपररीची हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल अशी दोन्ही जेतेपदे मिळवली, आणि तीही बव्हंशी त्याच खेळाडूंच्या बळावर. एका आठवड्यात काठी, पुढच्या आठवड्यात फुटबॉल, असे त्यांचे हिवाळ्यापर्यंत चालते. माणसे थोडी असली, की प्रत्येकाला सर्व काही करावे लागते.

या स्पर्धेचा काळही तिच्या स्वभावाला साजेसा आहे. काउंटीच्या सामन्यांचा झगमगाट आता जुलैअखेर आटोपतो आणि त्यानंतरचे महिने क्लबांना मिळतात. मन्स्टरची स्पर्धा नोव्हेंबरच्या आसपास रंगात येते. उन्हाळ्यात कोरड्या मैदानावर शंभर मीटर उडणारा चेंडू आता भिजून जड होतो, गवताखालची माती बुटांना धरून ठेवते, दुपारी चारनंतर अंधारू लागते. काउंटीच्या सामन्याला सत्तर मिनिटे मिळतात, क्लबच्या सामन्याला साठ. राष्ट्रीय अंतिम सामना पूर्वी १७ मार्चला, सेंट पॅट्रिक दिनी होत असे. २०२० पासून तो लवकर घेतला जातो. मार्चच्या परंपरेची रुखरुख जुन्या प्रेक्षकांना आहे. मात्र एका हंगामाचा शेवट पुढच्या हंगामाच्या तोंडाशी येऊन खेळाडूंची जी ओढाताण होई, ती कमी झाली.

खेळाच्या साहित्यावरही एक संकट घोंघावत आहे. ॲश वृक्ष मारणारा बुरशीजन्य रोग २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये आढळला आणि वेगाने पसरला. काठीचे लाकूड परदेशातून मागवण्याची वेळ आली आहे. कृत्रिम पदार्थांच्या आणि बांबूच्याही काठ्या मैदानात दिसू लागल्या आहेत. चेंडू लागल्यावर होणारा लाकडाचा तो विशिष्ट आवाज त्यांतून निघतो की नाही, यावर प्रेक्षकांत वाद झडतात.

सार्सफील्ड्सची घोडदौड पुढे राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेली. जानेवारी २०२५ मध्ये क्रोक पार्कवर डब्लिनच्या ना फिआना क्लबने त्यांना रोखले आणि स्वतःचे पहिले राष्ट्रीय जेतेपद मिळवले. राजधानीतील एक क्लब आणि कॉर्कच्या उपनगरातील एक, असा तो सामना होता. इकडे काउंटीचे विजेते असलेले इमोकिलीचे खेळाडू आपापल्या छोट्या क्लबांचे. त्यांच्यासाठी प्रांताचे दार बंद नाही. ते निराळ्या बाजूला उघडते. मन्स्टरमध्ये मध्यम आणि कनिष्ठ श्रेणीच्या क्लब स्पर्धाही होतात. त्यांत उतरायचे तर आपल्या गावाच्या जर्सीत, आपल्या श्रेणीत, शेजाऱ्याला आधी हरवावे लागते. आणि हा शेजारी बहुधा इमोकिलीच्या संघात त्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळलेला असतो.